फोटोग्राफीच्या वेबसाइटसाठी होस्टिंग आणि सॉफ्टवेअर: नाशिकच्या फोटोग्राफरांचे नेहमीचे प्रश्न

मी नाशिकमध्ये लग्नांचे फोटो काढतो. स्वतःची साइट सांभाळता सांभाळता सोबतच्या फोटोग्राफरांच्या साइट बसवून द्यायला लागलो आणि त्या कामाची गोडी लागली. खालचे प्रश्न मला मंगल कार्यालयात, लॅबमध्ये प्रिंटची वाट बघताना आणि रात्री अकराला फोनवर पुन्हा पुन्हा विचारले गेले आहेत. उत्तरं तिथे देतो तशीच इथे दिली आहेत, फक्त थोडी सविस्तर.

इन्स्टाग्रामवर कामं मिळतायत. मग वेबसाइट हवीच कशाला?

प्रत्येकाला हवीच असं नाही. बारसं, वाढदिवस, घरगुती साखरपुडा एवढंच काम असेल आणि ते ओळखीतून येत असेल, तर इन्स्टाग्राम आणि गूगल मॅप्सवर स्टुडिओची नीट नोंद एवढं पुरे. वाचलेले पैसे लेन्ससाठी ठेवा.

पण अंबडच्या कारखान्याला मशीनचे फोटो हवे असतात किंवा गंगापूर धरणाकडच्या एखाद्या वायनरीला बाटल्यांचे आणि मळ्याचे, तेव्हा तिथला काम देणारा माणूस तुमची रील्स चाळत बसत नाही. तो म्हणतो, "लिंक पाठवा." त्या लिंकवर त्याच्या उपयोगाचे वीस फोटो, तुम्ही लावलेल्या क्रमानं आणि न कापलेले दिसले पाहिजेत. लग्नाच्या पार्टीचंही, म्हणजे काम देणाऱ्या घरच्यांचंही, तसंच होतं. मुलगी, तिचे आईवडील आणि परदेशातला भाऊ असे सगळे मिळून फोटोग्राफर ठरवतात. मुलीच्या वडिलांच्या फोनमध्ये इन्स्टाग्राम असेलच असं नाही, पण व्हॉट्सअॅपवर आलेली लिंक ते उघडतात.

आधी काय घ्यायचं, होस्टिंग की सॉफ्टवेअर?

होस्टिंग म्हणजे साइटच्या फायली ठेवायला सर्व्हरवर, म्हणजे कायम नेटला जोडलेल्या संगणकावर, भाड्यानं घेतलेली जागा, आणि सॉफ्टवेअर म्हणजे ज्यावर साइट चालते ते. पण आधी डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता. आणि तो स्वतःच्या नावावर.

माझ्या पहिल्या साइटच्या वेळी हे मला कोणी सांगितलं नव्हतं. साइट करून देणाऱ्यानं डोमेन, होस्टिंग, ईमेल सगळं एकाच पॅकेजमध्ये दिलं आणि डोमेन स्वतःच्या ईमेलवर नोंदवलं. चार वर्षांनी त्यानं तो धंदा सोडला. फोन लागेना. डोमेनची मुदत संपली आणि पत्ता दुसऱ्याच कुणी उचलला. साइट पुन्हा उभी करायला चार रात्री गेल्या, त्याचं मला काही वाटत नाही. पण तोवर दिलेल्या प्रत्येक करिझ्मा (छापील पानांच्या) अल्बमच्या शेवटच्या पानावर तो पत्ता छापलेला होता. ते अल्बम आजही लोकांच्या कपाटात आहेत. कुणाच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरतं, अल्बम बाहेर येतो, शेवटचं पान उघडतं, आणि त्या पत्त्यावर मी नाही.

म्हणून होस्टिंग आणि सॉफ्टवेअर यांच्याबद्दल मी पुढे जे काही सांगतो, ते सगळं बदलता येण्यासारखं आहे. छापून गेलेला पत्ता बदलता येत नाही. डोमेन घेताना तीन गोष्टी बघा: नोंदणीत नाव तुमचं, ओटीपी तुमच्या फोनवर, आणि ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं तर त्यावरचा ईमेलही बंद पडतो आणि पासवर्ड बदलण्याची लिंक पोहोचायला जागाच राहत नाही. साइट दुसऱ्याकडून करून घेत असाल तरी डोमेनचं खातं तुम्ही उघडा, त्याला फक्त सेटिंग सांगू द्या. शक्यतो डोमेन एकीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे घ्या. उद्या होस्टिंगवाल्याशी बिनसलं तर पत्ता त्याच्याकडे अडकत नाही.

डॉट कॉम की डॉट इन यात मी फार वेळ घालवत नाही. दोन्ही चांगली. नाव फोनवर एकदा सांगितल्यावर समोरच्याला बरोबर टाइप करता आलं पाहिजे, एवढीच माझी कसोटी. आडवी रेघ, आकडे, दोनदा येणारी अक्षरं टाळा.

डॉट भारत, म्हणजे देवनागरी डोमेन घ्यावं का?

देवनागरीतली डॉट भारत डोमेन २०१४पासून मिळतात. मला ती मनापासून आवडतात, आणि आपल्या स्टुडिओचं नाव मराठीत असेल तर एक जरूर घेऊन ठेवा. मात्र मुख्य पत्ता म्हणून नको. यंत्रांसाठी या नावाचं आतून रोमन अक्षरांतलं एक लांबलचक रूप असतं आणि लिंक कॉपी करून पाठवली की बरेचदा तेच दिसतं. पार्टीला ती लिंक फसवणुकीची वाटते. शिवाय देवनागरी ईमेल पत्ता अजून पुष्कळ फॉर्म घेत नाहीत. देवनागरी पत्ता मुख्य पत्त्याकडे वळवून ठेवला की काम भागतं.

माझ्याकडे दोन टेराबाइट फोटो आहेत. एवढी जागा देणारं होस्टिंग कुठे मिळेल?

शोधूच नका. साइट हे तुमचं गोदाम नव्हे. तिथे मूळ फायली ठेवायच्या नसतात.

हिशोब करून बघू. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो म्हणजे ६००० गुणिले ४००० पिक्सेल, आणि जेपीईजी साधारण १० एमबी. एका लग्नाचे निवडक ४०० फोटो तसेच चढवले तर ४ जीबी. तेच फोटो लांब बाजूनं २०४८ पिक्सेल करून चढवले, तर प्रत्येकी अर्धा एमबी धरून २०० एमबी. वीसपट फरक आहे आणि पाचसहा इंचांच्या मोबाइलवर तो कुणाला दिसणार नाही. वर्षाला पन्नास लग्नं केलीत तरी १० जीबी.

आता यात एक खोच आहे. वर्डप्रेस, म्हणजे साइट चालवायचं एक मोफत सॉफ्टवेअर, प्रत्येक फोटोच्या स्वतःहून लहान प्रती करून ठेवतं: १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६ आणि २०४८ पिक्सेलच्या. फोटो २५६० पिक्सेलपेक्षा मोठा असेल तर त्या मापाची आणखी एक. थीम (साइटचं रूप ठरवणारी) आणि प्लगइन (जादा सोयी जोडणारी) आपली मापं घालतात ती वेगळी. म्हणजे २०४८ पिक्सेलचा एक फोटो चढवला की सर्व्हरवर सहा फायली होतात. पन्नास लग्नं, ४०० फोटो, सहा फायली: १,२०,००० फायली. बऱ्याच शेअर्ड, म्हणजे एकच सर्व्हर अनेक साइटमध्ये वाटून दिलेल्या, योजनांत जागेबरोबर फायलींच्या संख्येवरही मर्यादा असते, तिला आयनोड म्हणतात. जाहिरातीत ती सापडत नाही, अटींच्या पानावर सापडते. फोटोग्राफरांची साइट जागा संपल्यामुळे क्वचित अडते. आयनोड संपल्यामुळे अडलेल्या मी जास्त पाहिल्यात, आणि अशा वेळी जागा निम्मी रिकामी दिसत असल्यानं दोष कुठे आहे तेच कळत नाही.

मग "अनलिमिटेड" होस्टिंग घेतलं तर?

विकत घेण्याआधी अटींमधले "रास्त वापर" आणि "फायली साठवण्यासाठी वापरू नये" हे दोन परिच्छेद वाचा. एकाच यंत्रावर शेकडो साइट असतात, त्यामुळे अमर्याद कुणालाच देता येत नाही. २० किंवा ५० जीबी असा स्पष्ट आकडा लिहिणारी कंपनी मला जास्त विश्वासाची वाटते.

आणखी एक आकडा विचारा: पीएचपीला, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं तिला, मेमरी किती? १० एमबीची जेपीईजी उघडली की ती मेमरीत १० एमबी राहत नाही. २ कोटी ४० लाख पिक्सेल आणि प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे किमान ७२ एमबी. त्यातून लहान प्रती करायच्या म्हणजे आणखी. मेमरी कमी पडली की फोटो चढताना मध्येच "एरर" येते आणि आपण वायफायला दोष देत बसतो. २५६ एमबी असेल तर निर्धास्त राहा. फोटो आधीच लहान करून चढवणाऱ्याला हा प्रश्न येतच नाही.

सर्व्हर मुंबईत असावा की परदेशात चालेल?

बघणारे नाशिक, पुणे, मुंबईचे असतील तर सर्व्हर भारतात घ्या. दर महिन्याचे वीसतीस रुपये वाचवण्यासाठी अमेरिकेतला निवडू नका. नाशिकहून मुंबईच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला सिग्नलला काही मिलिसेकंद पुरतात, अमेरिकेपर्यंत दोनशेच्या पुढे जातात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्याहून घाई करणं कुणाच्याच हातात नाही. गॅलरीचं एक पान म्हणजे तीसचाळीस फोटो. दर खेपेचा उशीर साचत जातो आणि त्र्यंबक रोडवर चालत्या गाडीत एकच काडी नेटवर्क असलेल्या पार्टीला पांढरं पान दिसतं.

पार्टीत परदेशस्थ पाहुणे बरेच असतील तर सर्व्हर मुंबईतच ठेवून पुढे सीडीएन लावा. सीडीएन तुमच्या फोटोंच्या प्रती जगभरच्या केंद्रांत ठेवतं आणि बघणाऱ्याला जवळच्या केंद्रातून देतं. क्लाउडफ्लेअरची मोफत योजना आपल्या कामाला पुरते.

शेअर्ड घेऊ की व्हीपीएस?

शेअर्ड. व्हीपीएस म्हणजे सर्व्हरचा फक्त तुमच्यासाठी वेगळा काढलेला भाग. तो घेतला की अख्खं यंत्र सांभाळणं आलं, सुरक्षेचे अपडेट आलेच. मे महिन्यात एका दिवसात दोन मुहूर्त धरणाऱ्या माणसाकडून ते होत नाही. घरात कुणाला लिनक्स येत असेल तर गोष्ट वेगळी.

एचटीटीपीएसचं, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं, प्रमाणपत्र मोफत मिळतंय ना, एवढं बघा. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र बहुतेक कंपन्या फुकट बसवून देतात, त्यासाठी वेगळे पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका. ते नसेल तर क्रोम २०१८पासून पत्त्याशेजारी "सुरक्षित नाही" असं दाखवतं, आणि ते वाचून पार्टी परत फिरते.

सॉफ्टवेअर कोणतं? वर्डप्रेस, पिविगो की महिन्याच्या वर्गणीची तयार सेवा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर तुमच्या कामावर आहे.

लग्न, प्री-वेडिंग, मॅटर्निटी, प्रॉडक्ट असं काम असेल, साइटवर तीसचाळीस उत्तम फोटो, दरांची कल्पना, चौकशीचा फॉर्म आणि अधूनमधून लिहिण्याची जागा हवी असेल, तर वर्डप्रेस. ते २००३पासून आहे, मोफत आहे, मराठीत चालतं, आणि अडलं तर मदत करणारा माणूस कॉलेज रोडवरही सापडतो. त्याचा शत्रू म्हणजे आपला हव्यास. स्लायडरचं एक प्लगइन, गॅलरीची तीन, उडत्या फुलांचं एक. प्रत्येक प्लगइन साइटचा वेग खातं आणि अपडेट केलं नाही तर चोराला दार होतं. मी सात-आठच्या वर जाऊ देत नाही. पायरेटेड थीम तर अजिबात नको, तिच्यात घुसवलेला कोड तुमच्या साइटवरून जुगाराच्या जाहिराती दाखवतो आणि हे आपल्याला कळतं ते पार्टीनं सांगितल्यावर.

फोटोंचा मोठा संग्रह असेल, तर पिविगो बघाच. पक्षी, किल्ले, जुने वाडे, गोदाघाटाची वीस वर्षं असं काम असणाऱ्यांना मी तेच सुचवतो. २००२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेलं हे मोफत सॉफ्टवेअर फक्त फोटोंसाठी आहे. अल्बमच्या आत अल्बम, टॅग, कुठला अल्बम कुणाला दिसावा याची परवानगी, आणि लाइटरूममध्ये (अडोबीचं फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर) तुम्ही लिहिलेले कीवर्ड फायलीतून आपोआप उचलणं. हे शेवटचं फार मोलाचं आहे. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात काढलेल्या पाच हजार फोटोंना पक्ष्यांची नावं एकदा लाइटरूममध्ये दिलीत की ती फायलीबरोबरच राहतात. सॉफ्टवेअर बदललं तरी मेहनत वाया जात नाही. पिविगो दिसायला साधं आहे आणि चौकशी फॉर्म वगैरे त्याचं काम नाही. म्हणून मुख्य साइट वर्डप्रेसवर आणि संग्रह पिविगोवर अशी जोडी मी दोघातिघांना लावून दिली आहे.

वर्गणीच्या तयार सेवांमध्ये होस्टिंगही त्यांचंच असतं. पिक्सिसेट, स्मगमग, स्क्वेअरस्पेस ही नावं तुम्ही ऐकली असतील. पार्टीला फोटो निवडायला देणं, डाउनलोड, प्रिंटची ऑर्डर हे त्यांच्याकडे सुरेख जमवलेलं असतं आणि अपडेटची काळजी नाही. लाइटरूम-फोटोशॉपची वर्गणी भरत असाल तर तिच्यातच अडोबी पोर्टफोलिओ येतं, वेगळे पैसे न देता. ते आधी वापरून बघा. घाईच्या माणसाला मी तेच सांगतो.

काहीही निवडा, पण निवडण्याआधी एक विचारा: इथून निघायचं झालं तर माझे फोटो, नावं आणि मजकूर बाहेर कसे काढू? फ्लिकरवर २०१८ मध्ये मोफत खात्यांना एक हजार फोटोंची मर्यादा जाहीर झाली. गूगल फोटोजची मोफत अमर्याद जागा १ जून २०२१ला संपली. 'गॅलरी' नावाचं एकेकाळचं लाडकं मोफत सॉफ्टवेअर २०१४ मध्ये थांबलं. यात कुणी फसवलं असं नाही, धंद्याची गणितं बदलतात. ज्यांच्या मूळ फायली घरच्या डिस्कवर होत्या आणि डोमेन स्वतःचं होतं, त्यांना फक्त सामान हलवावं लागलं.

साइटवर फोटो चढवले की रंग फिके पडतात. होस्टिंगचा दोष का?

नाही. होस्टिंग रंगांना हात लावत नाही. बहुतेक वेळा दोष कलर स्पेसचा असतो, म्हणजे फायलीतला कुठला आकडा म्हणजे नेमका कुठला रंग हे ठरवणाऱ्या पद्धतीचा. अडोबी आरजीबी आणि एसआरजीबी या अशा दोन पद्धती, पहिलीत रंग जास्त मावतात.

उदाहरण सांगतो. येवल्याची पैठणी नेसलेली नवरी, पदराला गडद जांभळा, काठाला खरी जर. कॅमेरा अडोबी आरजीबीवर होता, एडिटिंगही त्यातच झालं आणि फोटो तसाच साइटवर गेला. लहान प्रती करताना फायलीतलं कलर प्रोफाइल गळून पडलं. प्रोफाइल नसलेला फोटो ब्राउझर एसआरजीबी समजून दाखवतो. जांभळा राखाडीकडे झुकला, जर पितळेसारखी दिसायला लागली. मुलीच्या आईनं फोन करून विचारलं, "आमची पैठणी अशी कशी दिसतेय हो?" तिच्यासाठी तो रंग म्हणजे सगळं लग्न होतं.

उपाय सोपा. प्रिंटची फाइल लॅब सांगेल तशी द्या, पण वेबसाठी एक्सपोर्ट करताना कलर स्पेस एसआरजीबी, लांब बाजू २०४८, क्वालिटी ७५ ते ८०, शार्पनिंग स्क्रीनसाठी. लाइटरूममध्ये याचा एक प्रीसेट करून ठेवा आणि त्याशिवाय काहीही चढवू नका. वेबपी या फोटो-फायलीच्या नव्या प्रकाराचा विचार नंतर करा. ते त्याच दर्जाला जेपीईजीपेक्षा लहान फाइल देतं, वर्डप्रेस २०२१पासून ते घेतं, पण चुकीच्या मापाचा फोटो वेबपी करूनही चुकीच्याच मापाचा राहतो.

पार्टीला पासवर्ड लावून गॅलरी देऊ का?

द्या, आणि पासवर्डशिवाय देऊ नका. हळदीचे, घरातले, लहान मुलांचे फोटो सगळ्या जगासाठी नसतात. पासवर्ड पानाला लागतो, फोटोच्या फायलीला लागेलच असं नाही, हेही लक्षात घ्या. साध्या वर्डप्रेसमध्ये फोटोची थेट लिंक ज्याच्याकडे आहे त्याला फोटो दिसतो. खाजगी गॅलरीसाठी फायलीही झाकणारं प्लगइन किंवा तयार सेवा वापरा. मुदत घाला. मी तीन महिने ठेवतो आणि बंद करण्याआधी एक मेसेज करतो.

याला जोडूनच कायद्याची गोष्ट, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १७ प्रमाणे, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो फोटो काढवून घेणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो साइटवर टाकायचे तर ऑर्डर घेतानाच लेखी ठरवा. पावतीच्या मागे दोन ओळी छापा आणि खाली सही घ्या: कोणते फोटो, कुठे, आणि नको म्हटल्यावर किती दिवसांत काढणार. सही द्यायला कुरकुरणारी पार्टी मला क्वचितच भेटली आहे, उलट विचारल्याचा मान वाटतो.

फोटो चोरीला जाऊ नयेत म्हणून राइट क्लिक बंद करू का?

उपयोग नाही, स्क्रीनशॉट कोण थांबवणार? लहान माप हेच खरं संरक्षण, २०४८ पिक्सेलचा फोटो होर्डिंगला चालत नाही. वॉटरमार्क कोपऱ्यात लहानसा पुरे, चेहऱ्यावरून आडवा गेलेला वॉटरमार्क आपलंच काम झाकतो. फायलीच्या आत मात्र नाव, पत्ता आणि कॉपीराइट भरा.

फायलीत नोंदलेलं जीपीएस, म्हणजे फोटो काढल्याचं ठिकाण, आवर्जून काढून टाका. घरातल्या फोटोत पार्टीच्या घराचा ठावठिकाणा असतो. पक्ष्यांच्या फोटोत घरट्याचा असतो. नांदूरमध्यमेश्वर २०२० मध्ये राज्यातली पहिली रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ जागा ठरली, तेव्हापासून तिथे कॅमेरे वाढले आहेत. घरट्याचं नेमकं ठिकाण साइटवरून जगाला सांगू नये, एवढी आपली जबाबदारी आहे.

मराठीत मजकूर लिहिला की चौकोन आणि चित्रविचित्र अक्षरं का दिसतात?

मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. डीटीपीवाल्याकडून आलेलं माहितीपत्रक तसंच चिकटवलं की असं होतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्या, नाहीतर गूगललाही तो मजकूर म्हणजे निरर्थक अक्षरं. फॉन्टसाठी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन जाडीत. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळे फाइल जड असते, पाच जाडी घेतल्या तर फोटोआधी फॉन्टच उतरत बसतो.

फायलींची नावं आणि फोटोचं वर्णन यांत आळस नको. डीएससी ०४१७ या नावानं कुणी काही शोधत नाही. "गंगापूर रोडच्या लॉनवर संध्याकाळचं लग्न" असं वर्णन लिहिलं की शोधणाऱ्यालाही सापडतं आणि ज्याला दिसत नाही त्याला स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो.

कार्डवर ऑटो-रिन्यू लावलंय. आता निश्चिंत ना?

अजिबात नाही. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती पेमेंटचे नियम १ ऑक्टोबर २०२१पासून कडक झाले आणि परदेशी कंपन्यांची कितीतरी आपोआप होणारी पेमेंट अडली. आजही ठरावीक रकमेच्या वर तुमची वेगळी मंजुरी लागते, कार्ड बदललं की मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापण्याची परवानगी, जातो, आणि कंपनीचा इशारा ईमेलच्या जाहिरातींत हरवतो. डोमेन एकदम तीन किंवा पाच वर्षांचं भरा. मुदतीच्या दोन महिने आधीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, जिथे लग्नाच्या तारखा लिहिता तिथेच.

किंमत बघताना पहिल्या वर्षाची बघू नका, नूतनीकरणाची बघा. ती दुप्पट-तिप्पट असू शकते, वर १८ टक्के जीएसटी. भारतीय कंपनीकडून जीएसटी क्रमांकासह बिल घेतलंत तर नोंदणीकृत स्टुडिओला त्याचं क्रेडिट मिळतं.

होस्टिंगवाला रोज बॅकअप घेतो म्हणतो. पुरेसा आहे?

त्याचा बॅकअप त्याच्या सोयीसाठी. तुमचा वेगळा हवा: महिन्यातून एकदा साइटच्या फायली आणि डेटाबेस, दोन्ही, घरच्या डिस्कवर. फक्त फोटो उतरवून ठेवले तर गॅलरीचा क्रम आणि वर्णनं गेली, कारण ती डेटाबेसमध्ये असतात. मूळ फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. माझी तिसरी डिस्क देवळालीला बहिणीकडे असते. दिवाळीत भाऊबीजेला जाताना बदलतो आणि मध्ये एकदा राखीला.

२०२७च्या सिंहस्थासाठी काही वेगळी तयारी?

हो, आणि आत्तापासून. रामकुंड, पंचवटी, त्र्यंबकेश्वरचे तुमच्याकडे असलेले चांगले फोटो वेगळ्या पानावर लावा, २०१५च्या मेळ्याचे असतील तर ते सगळ्यात वर. मासिकं, प्रकाशक, प्रवास कंपन्या मेळ्याच्या आधी शोधतात. फोटोखाली वर्ष, घाट आणि पर्वणी लिहिलेली असेल तर तो विकला जातो, नुसता "कुंभमेळा" लिहिलेला मागे राहतो. कॅशिंग (तयार पानाची प्रत जपून तीच पुन्हा देणं) आणि सीडीएन लावून ठेवा, म्हणजे एखादा फोटो एकदम पसरला तर शेअर्ड होस्टिंग कोलमडणार नाही. स्नानाच्या दिवशी गर्दीत नेटवर्क मिळेल हे धरून चालू नका. फोटो घरी येऊनच चढवावे लागतील.

होस्टिंग बदलायचं ठरवलं. साइट बंद न ठेवता कसं करू?

लग्नसराई संपल्यावर, पावसाळ्यात करा. डीएनएस म्हणजे तुमचं डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं ती नोंद, आणि टीटीएल म्हणजे ती नोंद इतर यंत्रं किती वेळ जपून ठेवतात तो काळ. आधी टीटीएल कमी करून पाच मिनिटांवर आणा आणि एक दिवस जाऊ द्या. नव्या ठिकाणी फायली आणि डेटाबेस उतरवून, तात्पुरत्या पत्त्यावर प्रत्येक गॅलरी स्वतः उघडून बघा, चौकशीचा फॉर्म भरून ईमेल येतोय का तेही बघा. ईमेल जुन्याच होस्टिंगवर असेल तर तो आधी हलवा, लोक हेच विसरतात. मग डीएनएस नव्या सर्व्हरकडे वळवा. पानांचे पत्ते होते तेच ठेवा, कारण पार्ट्यांच्या व्हॉट्सअॅपवर जुन्या लिंका पडलेल्या असतात. जुनं होस्टिंग आणखी एक महिना चालू ठेवा आणि शेवटी अल्बमवर छापलेला पत्ता दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून, वायफाय बंद करून, टाइप करून बघा.